कोडाला कुष्ठाची शिक्षा

वर्धा जिल्ह्यातल्या जामच्या चौरस्त्यावर नागपूर-हैदराबाद महामार्गापासून वरोरा-चंद्रपूरची वाट फुटते. इथे मराठी आणि हिंदी दोन्ही सर्रास बोलल्या जातात. मराठीत ‘कोड’ म्हणजे अंगावरचे पांढरे डाग, हिंदीत ‘कोढ़’ म्हणजे कुष्ठरोग. दोन्ही शब्द संस्कृत ‘कुष्ठ’मधून आले. चरकसंहितेत कुष्ठाचे १८ प्रकार सांगितले आहेत आणि ‘श्वित्र’, म्हणजे पांढरे डाग, त्याच अध्यायात येते. त्वचेच्या कितीतरी विकारांना तेव्हा ‘कुष्ठ’ हे एकच नाव होते.

वैद्यकाने हा गुंता केव्हाच सोडवला. कोडात शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच उलटते. ते संसर्गजन्य नाही आणि त्या डागावर स्पर्श नेहमीसारखाच कळतो. कुष्ठरोग जंतूमुळे होतो. नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी हा जंतू १८७३ मध्ये शोधला. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, खाजत नाही, दुखत नाही, अनेकदा तिथली संवेदनाच हरवते.

म्हणूनच तो अंगावर काढला जातो.

उलट, निरुपद्रवी कोड लांबूनही दिसते आणि मुलीचे लग्न मोडते. भीती चुकीच्या डागाला चिकटली आहे.

वर्धा जिल्ह्यात तरी असे होऊ नये. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठसेवा सुरू केली. सेवाग्रामात गांधीजींनी कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींची शुश्रूषा केली. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. वर्देकरांनी रुग्ण शोधणे, लोकांना समजावणे आणि उपचार करणे यांची सांगड घातली. पुढे बहुऔषधी उपचार आले आणि कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला. २०१९ मध्ये तर घटस्फोटाच्या कारणांतूनही तो कायद्याने वगळला गेला.

तरीही घरातली भाषा जुनीच. दरवर्षी ३० जानेवारीला ‘स्पर्श’ अभियानात कुष्ठरोगाविषयी जनजागृती होते. त्यात कोडाविषयीही दोन वाक्ये हवीत: कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे, ते कुणाला लागत नाही. आणि आशाताई तपासणीला आल्या की पाठीवरचा, मांडीवरचा फिकट चट्टा लाजेपोटी झाकू नये. कापसाच्या बोळ्याचा स्पर्श तिथे कळत नसेल, तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगाचे औषध मोफत मिळते आणि वेळेत सुरू केले तर हातापायांची विकृती टळते.