चतुर्थीच्या तोंडावरचा जीर्णोद्धार

श्रावण सरत आला की गोव्यातील कितीतरी जुन्या घरांची कुलुपे निघू लागतात. मूळ घरात गणपती यावयाचा असतो आणि ठिकठिकाणी विखुरलेले भाऊबंद चार दिवसांपुरते एका छपराखाली जमावयाचे असतात. अशा वेळी कोणाच्या तरी ध्यानात येते की, देवघराची भिंत ओली आहे, गिलाव्याचे पापुद्रे सुटले आहेत आणि माटोळी बांधावयाची त्याच जागी पाणी ठिबकते आहे. मग गवंड्याची धावाधाव होते. भर पावसात भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढतो, त्यावर प्लास्टिक रंगाचे दोन हात बसतात आणि घराचा जीर्णोद्धार झाला अशा समाधानात मंडळी आरतीला उभी राहतात. आमचे स्पष्ट मत असे आहे की, हा उद्धार नव्हे. घर मारण्याचा हा सर्वांत सभ्य मार्ग आहे.

हे मत आम्ही जुन्याच्या मोहाने मांडीत नाही. आमचे जुने घर कशाचे बनले आहे, ते पाहावे. भिंती चिऱ्याच्या, सांधे मातीचे किंवा चुन्याचे आणि वर चुन्याचा गिलावा. १८०७ साली फ्रान्सिस ब्यूकॅनन याने मलबारात ह्या चिऱ्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले, ते विटेच्या लॅटिन शब्दावरून. कारण हा दगड खाणीत मऊ असतो, विटेसारखा कापता येतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो. पण तो सच्छिद्र असतो. जमिनीतील ओल तो शोषून घेतो आणि चुन्याचा गिलावा ती ओल हळूहळू बाहेर सोडतो. पावसाळ्यात भिंत भिजते, हिवाळ्या-उन्हाळ्यात वाळते. सुमारे तीन हजार मिलिमीटर पावसाच्या ह्या प्रदेशात आमची घरे टिकली, ती पाणी मुळीच न शिरल्यामुळे नव्हे. शिरलेले पाणी बाहेर पडू शकले म्हणून.

सिमेंटचा कठीण लेप नेमकी हीच वाट बंद करतो. कोंडलेली ओल भिंतीत वर चढते किंवा घराच्या आतल्या अंगाला फुटते. तिच्याबरोबर आलेले क्षार लेपामागे साचून फुगतात आणि दोन-चार वर्षांत गिलावा निखळतो तो चिऱ्याचा पापुद्रा सोबत घेऊनच. मग ‘भिंतच कुजकी होती’ असा निवाडा होतो. आजाऱ्याचे तोंड बांधावे आणि मग त्याला श्वास घेता येत नाही म्हणून त्याच्या आयुष्याला दोष द्यावा, त्यातलाच हा न्याय!

ह्याच्या उलट टोकाची हौसही अलीकडे बोकाळली आहे. गिलावा सर्वस्वी खरवडून चिरा उघडा करावयाचा, वर चकचकीत व्हार्निश फासावयाचे आणि त्याला ‘पारंपरिक’ म्हणावयाचे. ह्या हौशीचा परिणाम पाहावयाचा असेल तर जुन्या गोव्यास जावे. १६०५ साली पूर्ण झालेल्या बॉम जेझूच्या चर्चचा बाहेरचा चुन्याचा गिलावा पोर्तुगीज राजवटीत, १९५० च्या दशकात, काढून टाकण्यात आला. तेव्हापासून तो उघडा चिरा पावसाचा मारा खात झिजतो आहे. देवालय कोणाचेही असो, पाऊस आणि दगड यांचा धर्म एकच आहे.

छपराची कथा याहून वेगळी नाही. मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने मंगळुरास १८६५ मध्ये काढला आणि ती कौले ह्या किनाऱ्यावर घरोघर पोहोचली. वासे-रिपांसह अशा छपराचे वजन चौरस मीटरला सत्तर किलोंच्या आतबाहेर भरते. काँक्रीटच्या साध्या स्लॅबचे वजन अडीचशे ते तीनशे किलो भरते. मातीच्या सांध्यांच्या भिंतीवर चौपट भार लादून तिला तडा गेला, तर नवल कसले? शिवाय सपाट स्लॅब गळू लागला की त्यावर पत्र्याचे छप्पर येते. म्हणजे कौले नकोत म्हणून स्लॅब आणि स्लॅब पुरत नाही म्हणून पत्रा!

मग करावे काय? पहिली गोष्ट, रंगाच्या डब्यापूर्वी ओलीचे मूळ शोधावे. पुष्कळदा ते भिंतीत नसते, अंगणात असते. फरशा घालून अंगण इतके उंच केलेले असते की जोते त्यात बुडून जाते. बाहेरची जमीन घरातील जमिनीहून निदान वीतभर तरी खाली असावी आणि पागोळ्यांचे पाणी चर खणून दूर न्यावे. दुसरी गोष्ट, छपराचे काम चैत्र-वैशाखात करावे. फुटकी कौले बदलावी, पन्हळी साफ कराव्या, भिंतीत शिरलेली वाशांची टोके टोच्याने टोचून पाहावी. कुज आणि वाळवी तेथूनच सुरू होते. तिसरी गोष्ट, गिलाव्याचे काम दिवाळीनंतर काढावे. पोकळ वाजणारे सिमेंट हलक्या छिन्नीने उतरवावे, भिंत महिना दोन महिने उघडी ठेवून वाळू द्यावी आणि मग एक भाग मुरवलेला चुना व तीन भाग स्वच्छ वाळू यांचे पातळ थर द्यावे. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून पुन्हा दगड बनतो. त्याला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक थर काही दिवस ओलसर व सावलीत राखावा. रंगही चुन्याचाच द्यावा. चुना विरवताना उकळी फुटते, तेव्हा मुलांना दूर ठेवावे आणि डोळे जपावे.

‘चुन्याचे काम जाणणारे गवंडी आहेत कोठे?’ हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. परंतु गवंडी आधी नाहीसे झाले आणि मग आम्ही सिमेंटकडे वळलो, असे घडलेले नाही. आम्ही काम देणे सोडले, म्हणून त्यांच्या मुलांनी थापी सोडली. खर्चाचेही तसेच. दर चार वर्षांनी गिलावा व दर वर्षी रंग ह्यांचा हिशेब कोणी मांडीत नाही. घराचे वाटेकरी वीस असतात; फुटके कौल बदलणारा एकही नसतो. चतुर्थीच्या वर्गणीबरोबर छपराची वर्गणी काढण्याचा नियम ज्या कुटुंबाने केला, त्याचे अर्धे काम झाले असे समजावे.

येथे देवस्थानांच्या महाजनांना दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. गावातले घर देवळाकडे पाहून सजते. देवळात गुळगुळीत ग्रॅनाइट आला की तो वर्षा-दोन वर्षांत ओसरीवर येतो. अग्रशाळेवर स्लॅब पडला की वाड्यांवरची कौले उतरू लागतात. नव्या बांधकामात सिमेंटला त्याचे स्थान आहे, त्याविषयी आमची तक्रार नाही. पण चुन्यात बांधलेली अग्रशाळा, नौबतखाना किंवा दीपस्तंभ ह्यांची डागडुजी चुन्यातच होईल, असा ठराव महाजनांच्या सभेने एकदा करून पाहावा. वर्षाकाठी एवढे काम ठरलेले असले, तर चार गवंडी त्यावर जगतील, चार मुले त्यांच्या हाताखाली शिकतील आणि तेच हात गावातील घरांनाही मिळतील. श्रींच्या उत्सवासाठी आम्ही जो पैसा उदार हस्ते देतो, त्यातील अल्पसा भाग असा खर्ची पडला तर देवाचा काही अपमान होणार नाही.

‘जीर्णोद्धार’ ह्या शब्दातील ‘जीर्ण’ नाहीसे केल्यावर उद्धार कोणाचा करावयाचा? येत्या दिवाळीनंतर, पाऊस मागे गेलेला आणि चतुर्थी दूर असताना, प्रत्येक कुटुंबातील एकाने तरी मूळ घराची किल्ली मागून घ्यावी आणि शिडी लावून छपरावर चढावे. गणपतीला घर हवे असते. रंगाची त्याने कधी मागणी केलेली नाही.