शेवटच्या दहा रात्री

आमच्या गल्लीत उन्हं वर आल्यापासून कलेपर्यंत कुणीही भेटलं की एकच प्रश्न विचारायची पद्धत आहे. ‘ऊट आतेनु?’ जेवण झालं का? शेजारच्या अक्का मला गेली वीस वर्षं हा प्रश्न विचारतात आणि दरवर्षी रमजानच्या पहिल्या दुपारी विचारून झाल्यावर जीभ चावतात. दुसऱ्या दिवसापासून महिनाभर त्यांचा प्रश्न बदलतो. ‘इवत्तु एष्टनेदु?’ आज कितवा? मीही कॉलेजला जाता जाता उत्तर देते. पाचवा, अकरावा, सतरावा.

2025 च्या मार्चमध्ये असंच मी ‘तेविसावा’ म्हणाले, तेव्हा अक्का म्हणाल्या, ‘मग संपतच आला की! आता नुसती खरेदी.’ अगदी सहज म्हणाल्या. त्यात त्यांची चूक काहीच नव्हती. वीस वर्षं त्यांनी आमच्याकडे जे पाहिलं तेच त्या बोलल्या. मला मात्र ते दिवसभर बोचत राहिलं, कारण रमजानचा हिशेब नेमका उलटा आहे.

हा महिना डोंगर चढावा तसा चढत जातो आणि त्याचा माथा शेवटी येतो. प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा यांनी सांगितलेलं आहे की शेवटचे दहा दिवस लागले की प्रेषित कंबर कसत, स्वतः रात्री जागवत आणि घरच्यांनाही उठवत. लैलतुल कद्र, म्हणजे आपल्याकडची शब-ए-कद्र, याच दहा दिवसांतल्या एखाद्या विषम रात्री शोधायची असते. एकविसावी, तेविसावी, पंचविसावी, सत्ताविसावी किंवा एकोणतिसावी. (इथे मराठी वाचकांचा घोळ होतो म्हणून सांगते. इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणजे विसाव्या रोजाचा इफ्तार झाला की लागते ती एकविसावी रात्र.) कुरआन या एका रात्रीला हजार महिन्यांपेक्षा श्रेष्ठ म्हणतो. हजार महिने म्हणजे त्र्याऐंशी वर्षं आणि चार महिने, माणसाचं अख्खं आयुष्य! ती रात्र कोणती हे नक्की सांगितलेलं नाही. माणसाने दहाही रात्री शोधत राहावं म्हणूनच ते झाकून ठेवलं, असं जाणते लोक म्हणतात. आपण त्यावर तोड काढली. सत्ताविसावी तेवढी ‘बडी रात’ ठरवली आणि उरलेल्या नऊ बाजाराला देऊन टाकल्या.

या नऊ रात्री कुठे जातात ते कुठल्याही गावच्या पेठेत जाऊन बघा. सोलापूर घ्या, मिरज घ्या, नाहीतर विजयपूर. बांगड्यांची दुकानं, शेवयांचे ढीग, सुक्या मेव्याचे भाव, ‘उद्या नक्की देतो’ म्हणणारा शिंपी. तरावीहला पहिल्या आठवड्यात मशिदीत पाय ठेवायला जागा नसते आणि विसाव्या रोजानंतर मागच्या ओळी रिकाम्या होतात. बायकांचं तर विचारूच नका. दुपारपासून इफ्तारीची भजी, समोसे आणि फळांची चिराचिरी, रात्री बाजार, पहाटे साडेतीनला सहेरीसाठी चूल. पवित्र महिना घरातून जातो खरा, पण स्वयंपाकघराच्या दाराशी थबकून पुढे जातो.

हे मी दुसऱ्यांवर ठेवून बोलत नाही. माझ्याच घरची गोष्ट आहे.

माझा पहिला रोजा 1988 चा. त्या वर्षी रमजान एप्रिल-मे महिन्यांत आला होता. मी आठ वर्षांची, आणि आम्ही अम्माच्या माहेरी, विजयपूरकडे. त्या उन्हात मला दुपारपर्यंत ‘एका दाढेचा रोजा’ सांगून फसवायचा घरच्यांनी प्रयत्न केला, पण मी काही बधले नाही. संध्याकाळी रोजा-रखाई झाली. गळ्यात मोगऱ्याचा हार, नवा फ्रॉक, आणि सगळ्या पाहुण्यांच्या ताटात वाढणारी अम्मा. ती स्वतः केव्हा रोजा सोडते हे मी त्या दिवशी पाहिलं नाही. पुढे कित्येक वर्षं पाहिलं नाही.

रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. 1988 नंतर तो एप्रिल-मे मध्ये परत फिरला तेव्हा महामारीची वर्षं चालू होती. 2020 मध्ये पहिला रोजा 25 एप्रिलला होता. मशिदी बंद, पेठ बंद, आणि आपल्या दोन राज्यांमधली हद्दसुद्धा बंद. अम्मा मार्चमध्ये डोळे दाखवायला माझ्याकडे आली होती, ती अडकली. अजान व्हायची, पण नमाज घरी पढायचा होता. आमचे हे काही हाफिज नव्हेत. त्यांना शेवटच्या लहान लहान दहा सूरा तेवढ्या पाठ. पण दहा सूरा दोनदा म्हटल्या की तरावीहच्या वीस रकात भरतात. हॉलमधलं टेबल सरकवलं, पुढे हे, मागे मुलगा, त्यामागे अम्मा, मी आणि मुलगी. तीस रात्री असं चाललं. जेवायला बोलवायला कुणी नव्हतं, घ्यायला कपडे नव्हते. इफ्तारीला खजूर, कलिंगड आणि खिचडी. अम्मा रात्री बारालाही जानमाजवर बसलेली असायची. मी म्हणे, झोप आता. ती नुसता हात वर करायची.

बड्या रात्री दुआ झाल्यावर ती म्हणाली, ‘रोजे तो साठ साल से रखी, रातां इस साल मिले.’ रोजे साठ वर्षं धरले, रात्री मात्र याच वर्षी वाट्याला आल्या.

2022 च्या थंडीत अम्मा गेली. तिला रमजानच्या रात्री मिळायला एक साथीचा रोग यावा लागला, हे माझ्या मनातून जात नाही. तिला त्या कुणी नाकारल्या नव्हत्या. आम्ही सगळे भजी मागत होतो, एवढंच.

तेव्हापासून घरात काही गोष्टी बदलल्या. काही जमल्या, काही नाही. खरेदी शाबानमध्ये, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात उरकायची. हे मला कुणा मौलानांनी नव्हे, अक्कांच्या स्वयंपाकघराने शिकवलं. चातुर्मासात त्यांच्याकडे कांदा-लसूण बंद, म्हणून आषाढातली कांदेनवमी दणक्यात होते. नेम सुरू व्हायच्या आधी हौस फेडून घ्यायची, मग नेमात मन तिकडे ओढत नाही. किती शहाणपणाची पद्धत! प्रेषितही रमजान सोडला तर सर्वांत जास्त रोजे शाबानमध्ये ठेवत. ती एक तयारीच म्हणायची. आता आमच्याकडे शब-ए-बरातनंतरच्या पंधरवड्यात मुलांचे कपडे शिवून येतात. शिंपीही खूष असतो, आणि वेळेवर देतो!

इफ्तारीला खजूर, फळं आणि एकच पदार्थ. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण मराठीने आपल्या उपासांवर केली असली तरी इफ्तारीच्या दस्तरखानावर ती तंतोतंत बसते. पोट तट्ट भरल्यावर वीस रकातींत जांभयाच येणार. सुरुवातीला मुलगी रुसली. मग तिने स्वतःच फर्मान काढलं, पदार्थ एक पण रोज वेगळा. शेवटच्या दहा दिवसांत सहेरी बापलेक करतात. पहिल्या वर्षीच्या त्या भाकरीबद्दल मी इथे लिहिणार नाही, मुलगा हे सदर वाचतो.

जकातीचा हिशेबही आता पहिल्या रोजाला करते. सोनं साडेसत्त्याऐंशी ग्रॅम किंवा चांदी सहाशे बारा ग्रॅम, एवढी ऐपत वर्षभर टिकलेली असेल तर शिल्लक मालाचे अडीच टक्के. गणित शाळकरी आहे, पण बहुतेक घरांत ते चांदरातीला आठवतं. अहो, ज्यांना द्यायचं त्यांच्याही घरात ईद असते. त्यांनाही शिंप्याकडे वेळेवर जावं लागतं. पैसा अठ्ठाविसाव्या रोजाला हातात पडला तर त्यांच्याही शेवटच्या रात्री पेठेतच जाणार. फितऱ्याचंही तसंच. माणशी पावणेदोन ते दोन किलो गव्हाची किंमत ईदच्या नमाजाआधी द्यायची असते, ती मी चार दिवस आधी पोचवते.

आणि थोडं अर्थ समजून वाचन. अरबी पठण लहानपणापासून आहे, पण अर्थ? विनोबांनी कुरआन मुळातून वाचता यावं म्हणून अरबीचा अभ्यास केला आणि निवडक आयतींचा ‘कुराण-सार’ 1962 मध्ये काढला. मी मराठीची प्राध्यापिका असून तो वयाच्या चाळिशीनंतर उघडला, हे कबूल करायला लाज वाटते. रोज पाच आयती. मी मराठीतून वाचते, आणि अम्मा होती तेव्हा तिला कन्नडमध्ये समजावून सांगायचे. भाषांतर करताना अडलं की कळायचं, इतकी वर्षं आपण नुसता आवाज ऐकत होतो.

जमलं नाही ते एतकाफ. शेवटचे दहा दिवस पुरुष मशिदीत आणि बाई घराच्या एका कोपऱ्यात फक्त इबादतीसाठी बसते, त्याला एतकाफ म्हणतात. मार्चमध्ये आमच्या परीक्षा. पर्यवेक्षणाला कोपऱ्यातून कसं जाणार? मग एका रविवारी संध्याकाळपर्यंत बसले. पडदा म्हणून चादर लावली. दर अर्ध्या तासाने कुणीतरी चादरीपलीकडून विचारत होतं, साखर कुठे आहे?

रमजानसारखा दुसरा मोसम आहे जिल्हज्ज महिन्याचे पहिले दहा दिवस. वर्षातल्या कुठल्याही दिवसांपेक्षा या दिवसांतलं सत्कर्म अल्लाहला अधिक प्रिय, असं बुखारीच्या संग्रहातली हदीस सांगते. पण हे दहा दिवस आपल्याकडे कुणाच्या लक्षातही येत नाहीत. चर्चा फक्त बकऱ्याच्या वजनाची. ज्याला कुर्बानी करायची त्याने चंद्र दिसल्यापासून केस आणि नखं कापायची नाहीत, एवढी एक खूण बरीच घरं पाळतात. नवव्या दिवशी, अरफाच्या दिवशी, रोजा ठेवायला परवडत नाही असं कुणीच नाही. त्याला बकरा लागत नाही. मागच्या आणि पुढच्या अशा दोन वर्षांच्या चुकांची माफी त्या एका रोजात आहे, अशी हदीस आहे. त्या दिवशीच्या फज्रपासून तेराव्या दिवसाच्या अस्रपर्यंत, म्हणजे तेवीस नमाजांनंतर, तकबीर म्हणायची असते. आमच्या घरात ती मुलगी मोजते. मागे लागते म्हटलं तरी चालेल.

मग मोहरम. आपल्या भागात मोहरम म्हटलं की कडेगावचे उंच उंच ताबूत आणि कन्नड मुलखात अलाई हब्ब, रिवायतीची पदं. त्याबद्दल आमच्यातच दोन मतं आहेत आणि ती राहणार. पण दहाव्या दिवसाचा, आशुराचा, रोजा हा निवांत आणि वादाबाहेरचा आहे. त्याला नवव्याची किंवा अकराव्याची जोड द्यावी, एवढंच सांगणं आहे.

या आशुरानेच गंमत केली. 2022 आणि 2023 मध्ये आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. 10 जुलै आणि 29 जून. राज्यात बऱ्याच गावांत मुस्लिम मंडळींनी कुर्बानी दुसऱ्या दिवशी केली. ती पुढच्या दोन दिवसांतही करता येते, म्हणून अडचण आली नाही. मग 2024 मध्ये 17 जुलैला आणि 2025 मध्ये 6 जुलैला एकादशी आली ती आशुराबरोबर. म्हणजे त्या दोन दिवशी अक्कांना एकादशी आणि मला रोजा. 6 जुलैला रविवार होता. दुपारी अक्का दारात दिसल्या आणि सवयीने मीच विचारलं, ‘ऊट आतेनु?’ या वेळी दोघींनीही जीभ चावली.

अक्कांनी विचारलं, हे असं दरवर्षी येणार का? मी त्यांना हिशेब सांगितला. तिथी आणि चंद्र दोघांचा एकच. आमचा महिना अमावास्येनंतर चंद्र दिसला की लागतो, म्हणून आमची दहावी तुमच्या शुद्ध एकादशीच्या आसपास येते. फरक अधिक महिन्याचा. तुमचं पंचांग चांद्रवर्षाचे कमी पडणारे अकरा दिवस साठवून दर अडीच-तीन वर्षांनी एक महिना वाढवतं. आमच्याकडे कुरआनने तशी भर घालायलाच मनाई केली. सूरह तौबामध्ये आहे. म्हणून आमचे सगळे सण वर्षभर फिरतात. 2023 चा अधिक श्रावण मध्ये आला म्हणून आषाढी बकरी ईदवरून मोहरमवर गेली. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ, एकादशी 25 जुलैला. तेव्हा आशुरा महिनाभर आधीच होऊन जातो.

‘मग पुन्हा केव्हा?’

मी बोटांवर मोजलं. तीस-बत्तीस वर्षं तरी लागतील.

‘अष्टु दिन यारु इरतार?’ अक्का म्हणाल्या. तेवढे दिवस कोण राहतंय? मग टीव्हीवर पंढरपूर दाखवतायत म्हणून त्या घाईने आत गेल्या. माझ्या इफ्तारीला अजून चार तास होते.