चार हजार शब्द, पण स्वतःचे!

‘आय.बी. डिप्लोमा’ ऐकलंय? १९६८ साली जिनिव्हात स्थापन झालेल्या संस्थेचा, अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांसाठीचा हा अभ्यासक्रम. पुण्याजवळ मुळशीच्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजात तो शिकवतात. सहा विषय, त्यांत साधारणपणे दोन भाषा. शिवाय समाजसेवा, आणि स्वतः निवडलेल्या प्रश्नावर ४००० शब्दांपर्यंतचा निबंध.

माझं घर जिवतीला, पण शिकलो शहरातल्या कॉन्व्हेंटमध्ये. तिथे मराठी बोललं की दंड! माझा गावाकडचा मित्र मात्र घरी कोलामी, शाळेत मराठी आणि बाजारात तेलुगू बोलायचा. महाराष्ट्र-तेलंगणाच्या सीमावादातल्या आमच्या तालुक्यातल्या गावांत तर दोन्ही भाषांच्या शाळा आहेत. हे ज्ञान कुठल्या गुणपत्रिकेत येतं? उन्हाळ्यात माणिकगडच्या डोंगरावर पाणी का टिकत नाही, यावर तो सहज निबंध लिहील. त्याला कुणी विचारलंच नाही.

आणि आपण भावी इंजिनिअर? सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर एकच फाईल दहा जण छापतो. मीही छापतो.

आय.बी.ची फी आपल्याला झेपणार नाही, पण त्यातला प्रश्न विचारणं फुकट आहे. सर, मॅडम, दर सेमिस्टरला एक तरी असाइनमेंट आमच्या गावच्या प्रश्नावर द्या. बघू, मग कुणाची छापता येते ते!