पेढे

परवा एका बारशाला गेले होते. पाळणा झाला, घुगऱ्या वाटून झाल्या आणि बायका निवांत बसल्यावर गाडी अर्थातच बाळंतपणांवर आली. बाळाची आई हसत सांगत होती, "मी ओरडायला लागले तर सिस्टर म्हणते कशी, नवऱ्याजवळ जाताना नव्हतीस ती ओरडत?" सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. हेच वाक्य मी बावीस वर्षांपूर्वी ऐकलं होतं. गाव वेगळं, दवाखाना वेगळा, वाक्य तेच!

मला तर मांडीवर सणसणीत चापटही बसली होती, पाय आखडून घेतले म्हणून. आई, सासूबाई, नवरा सगळे दाराबाहेर बाकड्यावर. दुसऱ्या दिवशी त्याच बाईंच्या हातावर पेढा ठेवून मी म्हणाले, "खूप केलंत हो माझं." चापटीचं कुणाला सांगितलं नाही. बाळ धडधाकट, मग तक्रार कसली करायची?

कामाचा बोजा असतो म्हणतात. असतोच. एका सिस्टरकडे तीन-चार जणी कळा देत असतात, वर रात्रपाळी. पण दमलेलं माणूस खेकसतं, ते नेमकं बाईच्या अंथरुणावर का घसरतं? मला वाटतं, दार बंद असतं म्हणून. आतलं बघणारं आपलं माणूस तिथे नसतं.

2005-06 मध्ये देशातली जेमतेम 39 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, 2019-21 च्या पाहणीत ती जवळजवळ 89 टक्के झाली. चांगलंच झालं, जीव वाचले. पण घरी बाळंत होणाऱ्या बाईच्या उशाशी आई नाहीतर काकू असायची. दवाखान्याने तिला बाकड्यावर बसवलं. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एक बाई सोबत ठेवायला केंद्राने 2016 मध्येच मुभा दिली आहे. किती जणींना हे माहीत आहे? बारशाला जमलेल्या आम्हा दहा-बारा बायकांत एकीलाही नव्हतं. मलाही घरी येऊन शोधल्यावर कळलं.

माझ्या भाचीला सातवा लागलाय. नाव सरकारी रुग्णालयातच घातलंय. काल तिला फोन करून हे सगळं सांगितलं, चापटीसकट. थोडा वेळ ती गप्पच होती. मग म्हणाली, "मावशी, आईला रक्त बघवत नाही. तू येशील का आत?"

येते म्हटलं.