वर्तुळाचा दर चौरस फुटात?

बारा फूट व्यासाचे वर्तुळ आखावे आणि त्यात दोन फुटी चौरस शहाबादी फरशी बसवायला घ्यावी. वर्तुळाचा मध्य चार फरश्यांच्या सांध्यावर धरला तर ३६ फरश्या लागतात. त्यांतल्या १६ अखंड बसतात, २० कापाव्या लागतात. चार टोकांच्या फरश्यांची तर थट्टाच होते. दोन फुटांच्या फरशीतून कामाला येतो तो साडेपाच इंच बाजूचा एक तिकोनी तुकडा. हुशार गवंडी हे चारही तुकडे एकाच फरशीतून काढतो आणि तीन फरश्या वाचवतो. पण तुकडा तो तुकडाच. एका पावसाळ्यानंतर पायाखाली पहिल्यांदा हलतो तो हाच.

मध्य सरकवून फरशीच्या पोटात घेतला तर हिशेब आणखी बिघडतो. फरश्या लागतात ४५, आणि कापायच्या २४. वर्तुळ दोन्ही वेळा तेच, ११३ चौरस फुटांचे. कोटेशनात मात्र एकच ओळ असते: नैसर्गिक दगडाचे पेव्हिंग, इतके चौरस फूट, दर इतका.

पावसाळा सरला, दसरा-दिवाळी जवळ आली की बंगल्यांच्या बागांतली अडलेली कामे सुरू होतात आणि त्यात बसायच्या गोल जागेची मागणी हटकून असते. चार खुर्च्या, मध्ये एक टेबल, भोवती हिरवळ. चित्रात हे फार सोपे दिसते. प्रत्यक्षात या धंद्यात सर्वांत जास्त वाद होणारे आणि गवंडी अर्ध्यावर सोडून जाण्याची धास्ती असणारे काम हेच आहे. दोष गवंड्याच्या हाताला दिला जातो. तो बहुतेक वेळा दराच्या पद्धतीत असतो.

वर्तुळात कष्ट कडेला असतात, पोटात नव्हे. आठ फुटी वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस फूट आणि परीघ २५ फूट. म्हणजे दर चौरस फुटामागे अर्धा फूट वक्र कड. सोळा फुटी वर्तुळाचे क्षेत्रफळ २०१ चौरस फूट, परीघ ५० फूट. तिथे कड पाव फुटावर येते. दोन्ही कामांना एकच दर लावला तर लहान वर्तुळ करणारा गवंडी दुप्पट कड फुकट कापून देतो. आणि घरगुती बागेतली वर्तुळे लहानच असतात. मग तो घाईने ग्राइंडर फिरवतो, कड दातेरी निघते, फट सिमेंटने बुजवली जाते आणि मालकाला ती जन्मभर खुपत राहते.

या अडचणीवर बाजाराने शोधलेला एक उपाय म्हणजे तयार संच. राजस्थानच्या वालुकाश्माच्या फरश्या फेरीफेरीने कापून, आत लहान आणि बाहेर मोठ्या अशा पाचरीच्या आकारात ब्रिटनमधल्या बागांसाठी वर्षानुवर्षे जात आहेत. संच सोयीचा आहे, यात शंका नाही. पण त्याचा व्यास ठरलेला असतो, सांधा ठरलेला असतो, आणि दोन नगांचे कोपरे वाहतुकीत उडाले तर त्याच रंगाचे, त्याच जाडीचे नग पुन्हा मिळवताना नाकी नऊ येतात.

त्या दगडामागचे हातही व्यावसायिकांनी विसरू नयेत. बुंदी जिल्ह्यातल्या बुधपुरा परिसरात खाणींच्या टाकाऊ दगडातून हातोडी-छिन्नीने कॉबल फोडण्याचे काम घरोघरी चालत आले. त्यात मुलेही राबत, म्हणून युरोपातल्या खरेदीदारांना जाब द्यावा लागला. वालुकाश्मात क्वार्ट्झ भरपूर. त्याची बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये या रोगासाठी स्वतंत्र धोरण आणले, ते उगाच नव्हे. आपल्याकडे कामावर तोंडाला रुमाल बांधून कोरडा ग्राइंडर चालवणारा पोरगा दिसला की काम तिथल्या तिथे थांबवावे. रुमालाने ही धूळ अडत नाही. कापताना पाण्याची धार हवी आणि तिचा खर्च कोटेशनात हवा. वक्र काप एका झटक्यात होत नाही, चार-सहा फेऱ्यांत उतरवावा लागतो. म्हणजे गोल कामात धूळही जास्त.

दुसरा उपाय आपल्या हाताशी आहे: काळ्या दगडाचे चार इंची कॉबल आणि एकाभोवती एक फेऱ्या. याचे गणित बसल्या जागी करता येते आणि ते गवंड्यासमोर कागदावर करावे. मधोमध दोन फूट व्यासाचा अखंड दगड धरला आणि सांधा पाव इंच ठेवला, तर बारा फुटांपर्यंत चौदा फेऱ्या होतात. पहिल्या फेरीला १७ दगड लागतात, शेवटच्या फेरीला शंभराच्या आसपास. मधल्या प्रत्येक फेरीला मागच्यापेक्षा सहा दगड वाढतात, एखाद्या वेळी सात. फेरी आतली असो वा बाहेरची, वाढ तेवढीच. एकूण दगड सुमारे आठशे.

खरी मेख सांध्यात आहे. चौकोनी कॉबल वळणावर लावला की आतल्या बाजूला सांधा मिटतो आणि बाहेर उघडतो. पहिल्या फेरीत आत अर्ध्या इंचाहून कमी असलेली फट बाहेरच्या कडेला जवळजवळ दोन इंच होते. शेवटच्या फेरीत आत पाव इंच, बाहेर अर्धा इंच. तिथे डोळ्याला काही जाणवतच नाही. म्हणजे पाचरीसारखा घडवून घ्यायचा दगड फक्त पहिल्या पाच-सहा फेऱ्यांना लागतो. ते दगड भरतात दोनशेच्या घरात, एकूण दगडांच्या पाव हिश्शाएवढे. हे दोनशे दगड नगावर मोजून घडवणाऱ्याला द्यावेत आणि बाकीचे सहाशे चौरस फुटाच्या दराने बसवून घ्यावेत. सुतकी आणि छिन्नी चालवू शकणारे हात अजून आहेत. त्यांना दिवसभर सरसकट फरशी उचलायला लावणे हा कसबाचा अपव्यय आहे.

मधल्या दगडासाठी जुन्या जात्याची तळी अनेक जण वापरतात. ते केवळ शोभेसाठी असेल तर त्यात फारसे काही नाही. पण जात्याच्या मधल्या भोकाचा आखणीत मोठा उपयोग आहे. मळणीच्या खळ्याच्या मधोमध तिवडा म्हणजे खांब रोवलेला असे आणि बैलांची पात त्याच्याभोवती फिरे. दावे जेवढे लांब तेवढेच खळे गोल. वर्तुळाच्या कामातही मध्यावरची खुंटी हाच तिवडा. मध्याचा दगड बसवताना खुंटी उपटली की पुढच्या सगळ्या फेऱ्या मागच्या फेरीवरून मोजल्या जातात आणि प्रत्येक फेरीची दोन-तीन मिलीमीटरची चूक चौदाव्या फेरीपर्यंत दीड इंचाची होऊन बसते. जात्याच्या भोकातून लोखंडी गज ठोकला तर खुंटी शेवटपर्यंत जागेवर राहते. तिला नायलॉनची दोरी बांधू नये, ती ताणली जाते. भोक पाडलेली लाकडी पट्टी गजात अडकवून फिरवावी आणि पट्टीवर फेऱ्यांच्या खुणा खिळ्याने कराव्यात. एका फेरीचा सांधा पुढच्या फेरीच्या सांध्यासमोर येत नाही ना, ही सांधेमोड त्याच वेळी पाहून घ्यावी; फेरीगणिक सहा दगड वाढत असल्याने ती आपोआप साधत नाही, काही ठिकाणी अरुंद-रुंद दगड निवडून साधावी लागते.

एवढे सगळे करून वर्तुळ फसते ते जमिनीखाली. पुणे, सोलापूर, मराठवाडा, विदर्भ, जिथे काळी माती आहे तिथे चार इंच पीसीसी ओतून त्यावर दगड चिकटवण्याची पद्धत पडली आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. बागेतल्या पेव्हिंगखाली ही हालचाल सारखी नसते. मधल्या भागातली ओल बऱ्यापैकी टिकून राहते. परिघालगतची माती मात्र दर पावसाळ्यात भिजते आणि दर मे महिन्यात सुकते. त्यामुळे कड वरखाली होते, मध्य जागचा हलत नाही आणि काँक्रीटला तडा जातो. तो तडा वरच्या दगडाच्या सांध्यात, कधी थेट दगडातच उमटतो. हिरवळीला रोज पाणी देणाऱ्या बागेत तर हे आणखी लवकर होते.

आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीच्या फुगण्यावर अनेक वर्षे काम केले. न फुगणाऱ्या पण अंगी चिकटपणा असलेल्या मातीचा थर वर दाबून बसवला की खालच्या मातीचे फुगणे आटोक्यात राहते, हे त्यांनी दाखवून दिले आणि कालव्यांच्या अस्तरीकरणात ही पद्धत रुजली. बागकामवाल्यांना यातून घेण्यासारखे एवढेच, की काळी माती जमेल तितकी खोल काढावी आणि तिच्या जागी चिकणमाती असलेला चांगला मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मस करून भरावा. नुसती वाळू किंवा कच ओतून हे साधत नाही. पाणी त्यातून थेट मातीत उतरते. खोदाई परिघाच्या आत थांबवू नये, निदान फूटभर बाहेर न्यावी. मुरुमावर दोन इंच कच, कचीवर दगड, सांध्यात पुन्हा कच. फक्त शेवटची फेरी पाठीमागून काँक्रीटने धरून ठेवावी, नाहीतर सगळ्या फेऱ्या हळूहळू बाहेर सरकतात. अशा कामात एखादा दगड बसला तर पहारीने उचलून, कच घालून अर्ध्या तासात जागेवर येतो.

नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातली शिळावर्तुळे आहेत. मोठाल्या दगडांची कड आणि आत दगडमातीची भर. ती दफनस्थळे आहेत, चहाचे टेबल मांडायची जागा नव्हे, तरी कडेचे वजनदार दगड आतली भर कशी धरून ठेवतात हे बघायला नवशिक्याने एकदा तिथे जाऊन यावे.

पाण्याचा प्रश्न कोकणात आणि घाटमाथ्यावर अधिक बिकट असतो, पण कुठेही टाळता येत नाही. बारा फुटी वर्तुळावर तासाभरात ५० मिलीमीटर पाऊस पडला तर सव्वापाचशे लिटर पाणी साचते. साठास एक असा उतार दिला तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जवळजवळ अडीच इंचांचा फरक पडतो. अनेकांना वर्तुळ मध्ये उंच आणि चहूकडे उतरते करायचा मोह होतो. कॉबल लहान असल्याने ते त्या उताराला जुळवून घेतात. सपाट दोन फुटी फरशी मात्र जुळवून घेत नाही. तिचा एक कोपरा वर राहतो आणि तिथे ठेच लागते. फरशीचे काम असेल तर अख्खे वर्तुळ ताटासारखे एकाच दिशेला, घरापासून दूर कलते ठेवावे. आणि वरचा उतार खालच्या मुरुमालाही हवा, कारण सांध्यांतून मुरलेले पाणी त्याच वाटेने जाणार.

दगडाच्या निवडीबद्दल थोडक्यात. पॉलिश केलेला कोटा किंवा शहाबादी बाहेर लावू नये, पहिल्याच सरीत पाय घसरतो. नैसर्गिक तासाची किंवा टाकी केलेली फरशी घ्यावी. काळा दगड मे महिन्यात अनवाणी पायाला सोसत नाही, म्हणून तो सावलीत किंवा सायंकाळी वापरायच्या जागी शोभतो. जांभा कोकणातल्या अंगणाचा जुना सोबती. त्याचे लॅटराइट हे नाव फ्रान्सिस बुकॅननने दिले ते विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून, कारण तो खाणीत मऊ असतो, विटेसारखा कापता येतो आणि हवेवर कठीण होतो. पण सच्छिद्र असल्याने शेवाळ धरतो. चालण्याच्या भागापेक्षा कडेच्या फेरीला तो चांगला.

एक सवय मात्र मोडलीच पाहिजे. काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला दगडावर ॲसिड ओतले जाते. शहाबादी, कोटा, कडप्पा, तांदूर हे सगळे चुनखडीचे दगड. त्यांच्यावर ॲसिड फसफसते ते डाग खाताना नव्हे, दगड खाताना. वरचा चेहरा कायमचा जातो आणि खरखरीत, पांढुरक्या पृष्ठभागावर पुढच्या वर्षी मळ अधिक बसतो. डाग पडू नयेत म्हणून सांधे भरताना ओला स्पंज हाताशी ठेवणे एवढाच स्वस्त इलाज आहे.

आता पुन्हा दराकडे. या मोसमात वर्तुळाचे काम घेणाऱ्यांनी कोटेशन चार ओळींत लिहून पाहावे: खोदाई आणि मुरुमाचे भराव काम ब्रासवर, पाचरीचे दगड नगावर, आतले पेव्हिंग चौरस फुटावर आणि कडेची फेरी धावत्या फुटावर. कोरडी मांडणी करून मालकाला दाखवण्याचा एक दिवस पाचव्या ओळीत घातला तरी चालेल. मालक आधी कुरकुरतील. एका फुटाचा दर सांगा म्हणतील. त्यांच्यासमोर ३६ फरश्यांचा आणि २० कापांचा कागद ठेवावा. ज्यांनी याआधीच परिघाचा दर वेगळा लावून कामे केली आहेत, त्यांनी आपले आकडे, फसलेले धरून, या मासिकाकडे पाठवावेत. पुढच्या अंकांत ते जागा मिळेल तसे छापले जातील.