पाळण्यात फक्त बाळ

बारशाला काय न्यायचं, यावर हल्ली फार खल होत नाही. पुण्यात तुळशीबाग, मुंबईत दादर, नाहीतर हातातला मोबाइल. पारदर्शक चेनच्या पिशवीत घडी घातलेला ‘बेबी बेडिंग सेट’ सगळीकडे मिळतो. आत एक फुगीर गादी, तिला जोडलेली छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी, सशाच्या कानांची उशी, दोन्ही कुशींना टेकवायला दोन छोटे लोड आणि वर एक रजई. देणाऱ्याला समाधान, घेणाऱ्याला कौतुक, आणि फोटोही झकास येतो.

मच्छरदाणी सोडली, तर बाळ झोपलेलं असताना त्याच्याजवळ असावी अशी एकही वस्तू या पिशवीत नाही. उशी नको, लोड नकोत, रजई नको. आणि बोट दाबलं की खड्डा पडतो, ती गादीही नको. वर्षाच्या आतल्या बाळाला टणक, सपाट अंथरूण आणि त्यावर घट्ट खोचलेली एक चादर एवढंच लागतं. निजवायचं ते उताणं, दिवसाही आणि रात्रीही. जगभरचे बालरोगतज्ज्ञ हे तीस वर्षं सांगत आले आहेत. बाजाराचा ओघ मात्र उलट दिशेला आहे.

हा सल्ला सुखासुखी तयार झालेला नाही. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत घरोघरी वाचल्या जाणाऱ्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या बालसंगोपनाच्या पुस्तकाने बाळाला पालथं निजवायला सांगितलं. कारण वरवर पटण्यासारखं होतं: उताणं बाळ ओकलं तर गुदमरेल. नेदरलँड्समध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हीच पद्धत रुळली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या चढत गेली. हाँगकाँगच्या चिनी घरांत मात्र बाळं परंपरेने उताणी झोपत होती, आणि तिथे असे मृत्यू विरळा, हे डी. पी. डेव्हिस या बालरोगतज्ज्ञाने १९८५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवलं. डच डॉक्टरांनी १९८७ मध्ये आपला सल्ला फिरवला. ब्रिटनमध्ये टीव्हीवरच्या लोकप्रिय निवेदिका अ‍ॅन डायमंड यांचं तान्हं बाळ १९९१ मध्ये झोपेतच गेलं. त्यांनी न्यूझीलंडला जाऊन तिथलं संशोधन समजून घेतलं, सरकारचा पिच्छा पुरवला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस देशव्यापी मोहीम सुरू झाली. अमेरिकेची मोहीम १९९४ ची. त्यानंतर तिथलं या मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पुढे २००५ मध्ये काही संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. पालथ्या झोपेचा धोका दाखवणारा पुरावा १९७० च्या सुमारासच हाताशी होता. तो वेळीच नीट वाचला गेला असता, तर युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड मिळून किमान पन्नास हजार बाळं वाचू शकली असती.

डिग्रीवाल्यांची ही गत, तर आजीला काय बोल लावायचा? ‘उताणं निजवलंस आणि दूध वर आलं म्हणजे?’ ही तिची भीती डॉ. स्पॉक यांचीच आहे. तिचं उत्तर शरीररचनेत आहे. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेलं दूध आपल्या वजनाने खालच्याच नळीत परत जातं. श्वासनलिकेत शिरायचं तर त्याला चढावं लागेल. पालथ्या बाळात हे उलटं होतं, श्वासनलिका खाली येते. शिवाय नाकतोंड मऊ गादीत रुतलं की बाळ स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा पुन्हा आत घेत राहतं. मोठं माणूस अशा वेळी दचकून जागं होतं, मान वळवतं. दोन-चार महिन्यांच्या बाळाच्या मेंदूत ही जाग आणणारी यंत्रणा अजून कच्ची असते, आणि नेमक्या त्याच वयात असे मृत्यू सर्वांत जास्त होतात. कुशीवर निजवून दोन्हीकडे लोड लावण्यातही हाच घोटाळा आहे: बाळ कुशीवरून पालथं होतं आणि शेजारचा लोड तोंडाशी येतो.

पाळण्याच्या सामानाची कहाणी अलीकडची आणि जास्त संतापजनक. फिशर-प्राइस या नामांकित अमेरिकी कंपनीने २००९ मध्ये ‘रॉक एन प्ले स्लीपर’ बाजारात आणला. बाळाला साधारण तीस अंशांच्या उतारावर निजवणारा हा झोपाळा. किरकिरी बाळं त्यात चटकन झोपत, म्हणून जागरणाने पिचलेल्या आईबापांनी तो डोक्यावर घेतला. तिरप्या जागेत बाळाची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट दबते, याची पर्वा कोणी केली नाही. एप्रिल २०१९ मध्ये सुमारे ४७ लाख झोपाळे परत मागवावे लागले, तेव्हा तीसहून जास्त मृत्यू नोंदले गेले होते. जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा इशारा निघाला तोवर हा आकडा शंभराच्या घरात गेला होता. दहा वर्षं ही वस्तू ‘झोपण्यासाठी’ म्हणूनच विकली जात होती.

एका बाजूचा कठडा खाली सरकणाऱ्या पलंगांवर अमेरिकेने जून २०११ पासून बंदी घातली. त्यांचे खिळे-खुंट्या ढिल्या होत आणि गादी नि कठडा यांच्या फटीत बाळ अडकत असे. पाळण्याच्या गजांना आतून बांधायच्या गुबगुबीत पट्ट्याही २०२२ च्या कायद्याने गेल्या. त्यांची गरज मुळात गजांमधलं अंतर जास्त होतं तेव्हाची. आता तिथल्या नियमाने दोन गजांत सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही, त्यामुळे डोकं अडकण्याचा प्रश्नच राहिलेला नाही. त्याच पट्ट्या आपल्याकडे ऑनलाइन दुकानांत ‘सुरक्षिततेसाठी’ म्हणून झळकतात.

आपल्याकडे खुळखुळ्याला आयएसआय चिन्ह लागतं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांसाठी ते बंधनकारक आहे आणि ते योग्यच झालं. पण हा आदेश खेळण्यांपुरता. बाळ ज्या उशीवर रात्रभर डोकं ठेवतं ती उशी खेळणं नाही, म्हणून ती त्यात बसत नाही. जागेपणी दहा मिनिटं हातात राहणाऱ्या वस्तूची तपासणी करायची आणि झोपेतल्या सोबतिणीला मोकळं सोडायचं, हा कारभार अजब आहे.

यावर हमखास येणारं उत्तर असं: आपल्याकडे हा प्रश्नच नाही. त्यात थोडं तथ्य आहे. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार दर हजार जन्मांमागे महाराष्ट्रात १६ आणि देशात २८ बाळं वर्षाच्या आत दगावली. त्यांतली बहुतेक अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची, न्यूमोनियाने किंवा इतर जंतुसंसर्गाने गेलेली. पण घरी झोपेत गेलेल्या तान्ह्या बाळाचं शवविच्छेदन क्वचितच होतं. ‘दूध श्वासात गेलं’, ‘नजर लागली’ म्हणून विषय मिटतो. न मोजलेली गोष्ट नाहीच असं म्हणायला सोपी जाते.

तरीही पाश्चात्त्यांचं सगळं जसंच्या तसं उचलावं, असं मुळीच नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डमध्ये पाकिस्तानी वंशाच्या आणि गोऱ्या ब्रिटिश कुटुंबांची तुलना झाली. दक्षिण आशियाई घरांत बाळ आईजवळ झोपतं, तरी त्यांच्यात असे मृत्यू कमी. कारण त्या आया सिगारेट ओढत नव्हत्या, दारू पीत नव्हत्या, अंगावर जास्त पाजत होत्या आणि बाळाला घेऊन सोफ्यावर झोपत नव्हत्या. चटईवर जुन्या गोधडीची घडी अंथरून त्यावर बाळ, शेजारी आई, ही मराठी घरांतली पूर्वीची तऱ्हा टणक आणि सपाट या दोन्ही कसोट्यांना उतरते. बिघडलं ते नंतर. चटई गेली, दहा इंची फोमची गादी आली. एसी आला म्हणून जाड दुलई आली. सिझेरियननंतर उठबस नको म्हणून सोफ्यावर पाजता पाजता डोळा लागू लागला. सोफा ही तर तान्ह्या बाळासाठी सर्वांत वाईट जागा. आई आणि सोफ्याची पाठ यांमधल्या सांदीत बाळ घसरतं. घरात कोणी बिडी-सिगारेट ओढत असेल किंवा पिऊन झोपत असेल, तर त्या अंथरुणात बाळ नकोच. त्याच खोलीत, पण वेगळ्या सपाट जागेवर ते असावं.

साडीच्या झोळीबद्दल एकदम नाक मुरडणं शहाणपणाचं नाही. उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या बाईला बाळ जमिनीवर ठेवता येत नाही. विंचू-सापापासून झोळीच त्याला वाचवते. पण झोळीत पाठ वाकते, मान पुढे येते, आणि थोडं मोठं मूल स्वतःच गिरक्या घेऊ लागलं की पीळ मानेभोवती बसतो. अशा मृत्यूंच्या नोंदी भारतीय न्यायवैद्यकाच्या नियतकालिकांत आहेत. झोळी दिवसा, कोणाच्या तरी नजरेखाली, डुलकीपुरती ठीक. रात्रभरासाठी नाही, आणि थोरल्या भावंडांना झोके घ्यायला तर नाहीच नाही.

मोहरीची उशी मात्र सोडूनच द्यावी. डोकं गोल व्हावं म्हणून ती ठेवतात. बाळाच्या डोक्याला आकार देणाऱ्या उश्या वापरू नका, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि गुदमरण्याचा धोका वाढतो. उताणं निजवल्याने डोकं मागून थोडं चपटं होतं, ही काळजी खोटी नव्हे. त्यावर उपाय म्हणजे बाळाचं तोंड रोज आलटून पालटून वेगळ्या बाजूला करणं आणि जागं असताना, समोर कोणी असताना, त्याला पालथं घालणं. मालिशवाल्या मावशी पाय पसरून बाळाला पायांवर पालथं घेतात तेव्हा हाच व्यायाम होतो. न्यू जर्सीत लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या आज्यांचं तिथल्या डॉक्टरांशी उशीवरून वाजतं. पालथं घालण्यावर मात्र दोघांचं जमायला हरकत नाही.

राहिली थंडी. कमी वजनाच्या बाळाचं अंग गार पडणं हा आपल्याकडे खरा धोका आहे आणि त्याला ऊब हवीच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने खेड्यातल्या बायकांना शिकवून घरीच नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी करून दाखवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्या कामात बाळाला उबेसाठी झोपेची पिशवी वापरत. अंगाला बसणारी अशी पिशवी तोंडावर सरकत नाही, रजई सरकते. कुंची, टोपडं, स्वेटर आणि वर दोन दुपटी असा सगळा थाट करून घामाने निथळणारं बाळ हेही धोक्यातच असतं. मानेमागे हात लावून पाहावा. ओलसर लागली तर एक थर काढावा.

गडचिरोलीचाच तो नमुना पुढे देशभरात गेला. आज आशा ताई प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. वजन, ताप, स्तनपान सगळं पाहतात. त्यानंतरची त्यांची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. झोपेतल्या मृत्यूचा धोका दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान सर्वाधिक, म्हणजे मधल्या या खंडातच तो माथ्यावर येतो. आरोग्य खात्याने आशांच्या तपासणी यादीत एका ओळीची भर घालावी: बाळ कुठे आणि कशावर झोपतं, ते पाहा. माता-बाल संरक्षण कार्डावर उताण्या बाळाचं आणि रिकाम्या, सपाट अंथरुणाचं एक चित्र छापावं. बाळंतिणीला घरी सोडताना नर्सने दोन मिनिटं त्यावर बोलावं. याला नवी योजना लागत नाही, वेगळा निधी लागत नाही. बेचाळिसाव्या दिवसाच्या आत ते घरात पोचलं पाहिजे, एवढंच.