यादीत नसलेला सण

२०२५च्या सप्टेंबरात मुंबईतली ईद-ए-मिलादची सुट्टी सरकारने ५ तारखेवरून ८ तारखेला नेली. ६ तारखेला अनंत चतुर्दशी होती. लागोपाठच्या दोन दिवसांत जुलूस आणि विसर्जन आलं असतं तर पोलिसांची दमछाक झाली असती. तेव्हा मुस्लिम संघटनांनी जुलूस पुढे ढकलला आणि सुट्टी त्याच्यामागून गेली. २०२४ला अशीच १६ सप्टेंबरची सुट्टी १८ला गेली होती. २०२३ला तर दोन्ही दिवस २८ सप्टेंबरलाच आले होते आणि जुलूस २९ला निघाला. तीन वर्षं ओळीने हे झालं, तेही समजुतीने. आपल्याकडे भांडणाची बातमी होते, समजुतीची होत नाही, म्हणून हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

मात्र २०२५ला सण ५ तारखेलाच होता. त्या दिवशी घरच्यांसोबत राहावंसं वाटणाऱ्या मुंबईतल्या मुसलमान कारकुनाला सरकारी यादीप्रमाणे कामावर जायचं होतं. त्याला सुट्टी मिळाली ती जुलूसाच्या दिवशी. सार्वजनिक सुट्टी बऱ्याचदा रस्त्याचा विचार करून ठरते. गर्दी, वाहतूक, बंदोबस्त. तिथे सरकारचं चुकलं असं मी म्हणणार नाही, तो हिशेब कुणाला तरी करावाच लागतो. पण एकट्या माणसाच्या सणाचं काय करायचं, हे राजपत्रात ठरत नाही. ते शाळेत आणि ऑफिसात ठरतं, आणि तिथे आपण फार आळशी आहोत.

रायगड जिल्ह्यातल्या गावांना हे कोडं कधी पडलं नव्हतं. अलिबाग, रेवदंडा, पेणच्या बाजूला बेने इस्रायली ज्यू पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत. शनिवारी ते घाण्याला हात लावत नसत. गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायला सुरुवात केली आणि विषय संपला. अर्थात घाणा त्यांचा स्वतःचा होता, रजा मागायची कुणाकडे?

रजा मागायची वेळ आली ती गिरणीच्या भोंग्यासोबत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४पासून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागितली आणि १० जून १८९०ला ती मिळाली. साहेबाचा चर्चचा वार कामगारांचा खंडोबाचा वार म्हणून मागून घेतला, असं सांगतात. लोखंड्यांच्या हुशारीला दाद द्यावी तेवढी थोडी. एका दगडात चर्च आणि जेजुरी दोन्ही साधली, शुक्रवार आणि शनिवार मात्र राहून गेले.

आज खाजगी ऑफिसात काय चालतं? महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७चा कायदा वर्षाला आठ पगारी सुट्ट्या देतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार सणांच्या, त्या मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. आपसात! प्रत्यक्षात डिसेंबरच्या अखेरीस एक ईमेल येतो. त्यात गणेश चतुर्थी, दसरा, लक्ष्मीपूजन, पाडवा. चार भरले. ईद, नाताळ, बुद्ध पौर्णिमा, महावीर जयंती, सगळे बाहेर. एखादी कंपनी उदार असते आणि दोनचार जास्त देते. पण हे कुणी ठरवलं, कुणाला विचारून ठरवलं, याचा पत्ता नसतो.

पूर्वीच्या माझ्या एका ऑफिसात हिशेब खात्यात एक वसईची ख्रिस्ती बाई होती. २०२४चा गुड फ्रायडे २९ मार्चला आला, म्हणजे ऐन वर्षअखेरीला. तिने आठवडाभर रात्री बसून काम उपसलं आणि एका दिवसाची रजा मागितली. साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, ‘‘यादीत नाही हो. असं करा, आजारी म्हणून टाका, मी सही करतो.’’ उपास करून क्रुसापुढे उभं राहायला निघालेल्या बाईने आधी तापाचं खोटं लिहायचं! साहेबांना ही सवलत वाटली. मला तो अपमान वाटला, आणि अजूनही वाटतो.

केंद्र सरकारच्या नोकरीत यावर जुना तोडगा आहे. ठरलेल्या सुट्ट्यांखेरीज एका लांब यादीतून वर्षाला दोन ऐच्छिक सुट्ट्या कर्मचारी आपल्या आपण निवडतो. ‘आरएच (रिस्ट्रिक्टेड हॉलिडे) टाकली’ एवढं बोललं की पुरतं. कारण, पुरावा, चेहरा पाडणं, काही लागत नाही. ज्याला देवाशी कर्तव्य नाही तो लग्नाच्या वाढदिवसाशेजारचा एखादा सण निवडतो. निवडू द्या की!

‘‘म्हणजे आणखी सुट्ट्या?’’ असं कुणी तरी विचारणारच. नाही. राज्याची सार्वजनिक सुट्ट्यांची यादी दोन डझनांच्या घरात आहे आणि ती वाढू नये, असंच माझं मत आहे. सगळ्यांना सुट्टी दिली की बँक बंद, तहसील बंद, आणि महाबळेश्वरच्या घाटात रांगा. सुट्टीची संख्या तेवढीच ठेवून तिचा दिवस निवडायची मुभा द्यायला मालकाला फारसा खर्च पडत नाही. उलट लक्ष्मीपूजनाला ऑफिस, वॉर्ड, डेपो सांभाळणारं कुणी तरी मिळतं. इस्पितळातल्या नर्स ही अदलाबदल वर्षानुवर्षं करत आल्या आहेत: तू माझी दिवाळी सांभाळ, मी तुझा नाताळ सांभाळते. फक्त ती मेट्रनच्या मर्जीवर चालते. मेट्रन बदलली की बंद.

शाळांची गोष्ट वेगळी, कारण तिथे पोरं स्वतः मागू शकत नाहीत. उर्दू शाळेची वेळ रमजानात सकाळची होऊ शकते. मराठी शाळेतल्या मुस्लिम मुलाला मात्र दुपारच्या उन्हात कवायत असते. चांद्रवर्ष दरसाल सुमारे अकरा दिवसांनी अलीकडे येतं. २०२५ला रमजान मार्चच्या आरंभी, दहावीच्या परीक्षेच्या मध्यातच लागला. बोर्डाची परीक्षा हलवा, असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण ईदच्या दुसऱ्या दिवशी चाचणी, जैनांच्या संवत्सरीला क्रीडादिन, नाताळच्या सकाळी जादा तास, हे टाळायला एक कॅलेंडर पुरतं. भिंतीवर टांगलेल्या मराठी कॅलेंडरात सगळ्यांचे सण छापलेले असतात. वेळापत्रक करणाऱ्या शिक्षकाने मान वर करून बघायचं आहे.

आणि मनात असलं की मोठ्या मंडळालाही जमतं. २०२५ला सीबीएसईचा बारावीचा हिंदीचा पेपर १५ मार्चला होता आणि काही भागांत त्या दिवशी होळी होती. ज्यांना अडचण आहे त्यांनी त्या दिवशी बसू नये, नंतर विशेष परीक्षेत बसावं, असं मंडळाने जाहीर केलं. योग्यच केलं. वर्गात एकच मूल असलं तरी त्याला हेच मिळावं, एवढीच अपेक्षा.

तेव्हा डिसेंबरात यादीचा ईमेल आला की लगेच ‘थँक्स’ लिहून मोकळे होऊ नका. या चार सुट्ट्या आपसात कधी ठरल्या, ते विचारा. तुमचे सण यादीत असतील तर तुम्हीच विचारा. ज्यांचे नाहीत त्यांना विचारणं जड जातं.